म्हैसूरच्या वॉर्डात अ‍ॅडलेडचे फार्मसिस्ट: एमओयूने नक्की बदलतं काय?

हा आपल्या ताज्या एपिसोडचा लेखी अवतार. लोकलमध्ये नेटवर्क जातं, ऑफिसात इअरफोन घालता येत नाहीत, अशांसाठी. बोलताना माझं जे "म्हणजे... ॲक्च्युअली..." चालू असतं ते बऱ्यापैकी छाटलंय. थोडं राहिलं असेल, सांभाळून घ्या.

विषय असा आला. बारावी झालेल्या एका श्रोत्याने मला एका फार्मसी कॉलेजचं माहितीपत्रक पाठवलं. मागच्या पानावर नुसते झेंडे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, मलेशिया, जर्मनी. खाली लिहिलंय 'आंतरराष्ट्रीय सामंजस्य करार'. आणि त्याचा प्रश्न एका ओळीचा: "दादा, या झेंड्यांचा मला काय उपयोग?"

मी कोड लिहिणारा माणूस, फार्मसीवाला नाही. पण माझी मावसबहीण फार्म डी करतेय आणि घरी जेवताना औषधांच्या दुष्परिणामांवर बोलून सगळ्यांची भूक घालवते. तिच्यामुळे मी या विषयात शिरलो. आणि वाचता वाचता एक केस सापडली, जिच्यात हा झेंड्यांचा प्रश्न बऱ्यापैकी सुटतो. म्हैसूरची. जेएसएस नावाचं विद्यापीठ. जेएसएस म्हणजे जगद्गुरू श्री शिवरात्रीश्वर, सुत्तूर मठाची शिक्षणसंस्था. म्हैसूरचं त्यांचं फार्मसी कॉलेज १९७३ चं, उटीचं १९८० चं. २००८ साली हे सगळं अभिमत विद्यापीठ झालं. आता तिथे मेडिकल आणि डेंटलही आहे, पण आपल्याला फार्मसीशी मतलब आहे.

आधी थोडं मागे जाऊ, नाहीतर मुद्दा कळणार नाही.

फार्मसिस्ट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? कोपऱ्यावरचा मेडिकलवाला. चिठ्ठी बघितली, पट्टी कात्रीने कापली, पिशवीत टाकली, "दिवसातून दोनदा, जेवणानंतर". संपलं. आता गंमत बघा, भारतात फार्मसीचं पदवीशिक्षण या दुकानासाठी सुरूच झालं नव्हतं. १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी हे शिक्षण सुरू केलं, तेव्हा देशाला औषधं बनवणारी, तपासणारी माणसं हवी होती. बी फार्म ही पदवी तेव्हापासून कारखान्याकडे, लॅबकडे तोंड करून उभी आहे. आणि ती त्यात यशस्वीही झाली. आज जगभर भारतातल्या गोळ्या जातात त्यामागे याच कॉलेजांतून निघालेली माणसं आहेत. दुकानासाठी मात्र १९४८ च्या फार्मसी कायद्यानंतर दोन वर्षांचा डी फार्म, म्हणजे डिप्लोमा, पुरेसा ठरला.

म्हणजे एक माणूस कारखान्यात, एक माणूस काउंटरवर. आणि पेशंट जिथे झोपलेला आहे तिथे, वॉर्डात? तिथे फार्मसिस्ट नव्हताच. हॉस्पिटलच्या फार्मसीत होता, पण ती तळमजल्यावर, खिडकीआड.

आता तुम्ही म्हणाल, वॉर्डात डॉक्टर आहे, सिस्टर आहे, फार्मसिस्ट कशाला? रास्त प्रश्न आहे. एक उदाहरण घेऊ. समजा एक सत्तरीच्या आजी आहेत. हृदयाची झडप बदललीय, म्हणून रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन चालू आहे. दाढ सुजली, दाताच्या डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल दिलं. दोन्ही औषधं आपापल्या जागी बरोबर. पण मेट्रोनिडाझोल यकृतातल्या ज्या एन्झाइमला अडवतं, तेच एन्झाइम वॉरफरिनची विल्हेवाट लावत असतं. परिणाम? वॉरफरिन शरीरात साचतं, रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ होतं, आणि आजी हिरड्यातून रक्त येतंय म्हणून, किंवा त्याहून वाईट म्हणजे मेंदूत रक्तस्राव होऊन, हॉस्पिटलात दाखल होतात. यात कुणी एकाने चूक केली असं म्हणता येत नाही. दोन वेगवेगळ्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून कुणी बघितल्याच नाहीत, इतकंच. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही मॉड्यूलचे टेस्ट पास, पण एकत्र चालवल्यावर सिस्टिम कोसळली.

हे एकत्र बघायचं काम म्हणजे क्लिनिकल फार्मसी. केसपेपर वाचायचा, सगळी औषधं एकमेकांशी जुळवून बघायची, किडनी किती काम करतेय ते पाहून डोस मोजायचा, डॉक्टरांबरोबर राउंडला जायचं, आणि डिस्चार्जच्या वेळी पेशंटला बसवून समजावायचं. शेवटचं काम सगळ्यात हलकं वाटतं, पण इनहेलर नीट न ओढता तोंडात फवारणारे किती लोक आहेत हे तुमच्या घरातच बघा.

अमेरिकेत याची सुरुवात म्हणून १९६६ हे वर्ष सांगतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ हॉस्पिटलात नवव्या मजल्यावर फार्मसिस्ट वॉर्डात आणून बसवले, तो प्रयोग. भारतात त्यानंतर तीस वर्षं फारसं काही हललं नाही.

हललं ते म्हैसूर आणि उटीला, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. जेएसएसने फार्मसी प्रॅक्टिस या विषयात एम फार्म सुरू केलं. विषय कागदावर आला, पण शिकवणार कोण? देशात वॉर्डात उभं राहून हे काम केलेली माणसं जवळपास नव्हतीच. पुस्तकातून पोहणं शिकवण्यासारखं झालं असतं. म्हणून त्यांनी करार केला ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड शहरातल्या रिपॅट्रिएशन जनरल हॉस्पिटलशी.

इथे जरा थांबू, कारण मला ही निवड फार आवडते. बहुतेक कॉलेजं विद्यापीठाशी करार करतात, तेही जमेल तितक्या मोठ्या नावाच्या. यांनी करार केला हॉस्पिटलशी. आणि कुठल्या? दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९४२ साली सुरू झालेल्या सरकारी हॉस्पिटलशी. अ‍ॅडलेडचे लोक त्याला लाडाने 'रिपॅट' म्हणायचे. तिथले पेशंट म्हणजे म्हातारे झालेले सैनिक, एकेकाला आठ-दहा औषधं. साहजिकच औषधांचा ताळमेळ घालण्याची कला तिथे जमली होती. या हॉस्पिटलात एक सेवाही चालायची, जिच्यात फार्मसिस्ट गावातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन औषधांबद्दलची ताजी, निःपक्ष माहिती समोरासमोर द्यायचे. कंपनीचे एमआर जे करतात तेच, फक्त विकायला काही नाही.

म्हणजे जे काम शिकायचं होतं ते काम जिथे रोज होत होतं, तिथे हे गेले. जागतिक क्रमवारीत रिपॅटचं नाव शोधायला गेलात तर सापडणार नाही. ते हॉस्पिटल २०१७ साली बंदही झालं.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसं आली आणि राहिली. कॅरिन नायफोर्ट-हान्सन या ऑस्ट्रेलियन क्लिनिकल फार्मसिस्टनी म्हैसूरच्या विभागात काम केलं. इकडून जी. पार्थसारथी यांनी तो विभाग उभा केला. परदेशी पाहुण्यांचं नेहमीचं चित्र आपल्याला माहीत आहे: शाल, श्रीफळ, एक तासाचं व्याख्यान, ग्रुप फोटो, संध्याकाळी पॅलेस बघून परत. इथे शिकवणं वॉर्डात झालं. पेशंटच्या खाटेशेजारी, खऱ्या केसपेपरवर, खऱ्या डॉक्टरांच्या कपाळावरच्या आठ्या बघत.

त्या आठ्यांचा विचार करा जरा. तुम्ही सर्जन आहात, वीस वर्षं प्रॅक्टिस केलीय, आणि एक दिवस विद्यार्थी येऊन म्हणतो, "सर, या पेशंटची क्रिएटिनिन वाढलीय, जेंटामायसिनचा डोस कमी करायला हवा." पहिली प्रतिक्रिया काय असेल? म्हणून हा विश्वास हळूहळू कमवावा लागतो. क्लिनिकल फार्मसीत याची एक ठरलेली वाट आहे. आधी औषध माहिती केंद्र उघडायचं, जिथे डॉक्टर स्वतःहून प्रश्न विचारतील. दिवस राहिलेल्या बाईला हे औषध चालेल का? या दोन सलाइन एकत्र लावता येतील का? उत्तर लवकर आणि संदर्भासकट मिळालं की डॉक्टर पुन्हा फोन करतो. मग राउंडला बोलावतो. जेएसएसच्या हॉस्पिटलातही असं माहिती केंद्र आहे, आणि वॉर्डातले फार्मसिस्टही. आम्ही नवीन टीममध्ये जातो तेव्हा हेच करतो की. पहिल्या दिवशी सगळा कोड बदला असं म्हणत नाही, आधी चार बग सोडवून देतो.

तिसरी गोष्ट, जी मला इंजिनियर म्हणून सगळ्यात महत्त्वाची वाटते. डॉक्युमेंटेशन. २००४ साली पार्थसारथी, नायफोर्ट-हान्सन आणि अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे मिलाप नहाटा या तिघांनी संपादित केलेलं क्लिनिकल फार्मसीचं पाठ्यपुस्तक भारतातच छापून आलं. आज फार्म डी करणारा कुठलाही पोरगा 'पार्थसारथी' म्हणाला की तो माणसाबद्दल नाही, या पुस्तकाबद्दल बोलत असतो. मावसबहिणीच्या टेबलावर त्याची कव्हर निघालेली प्रत पडलेली आहे. करार संपतो, पाहुणे परत जातात, अ‍ॅडलेडचं हॉस्पिटलही बंद होतं. पण जे शिकलो ते लिहून ठेवलं म्हणून जिथे कधी कुणी ऑस्ट्रेलियन पोचला नाही अशा कॉलेजातही ते पोचलं.

आता कथेत व्हिलन... व्हिलन नाही म्हणत, पण ट्विस्ट येतो. आणि तो येतो अमेरिकेतून.

भारतातून बी फार्म करून अमेरिकेत फार्मसिस्ट व्हायला जाणारी मुलं भरपूर होती. गुजरात आणि महाराष्ट्रातली तर खूपच. तिथे लायसन्ससाठी परदेशी पदवीधरांची एक पात्रता परीक्षा असते. त्या परीक्षेच्या मंडळाने नियम केला की १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा हवा. आपला बी फार्म चार वर्षांचा. झालं! एका ओळीने दरवाजा बंद. मी याला एपीआय बदलणं म्हणतो. समोरच्याने व्हर्जन बदललं, तुमचा जुना कोड काल चालत होता, आज एरर देतो. अमेरिकेने त्यांच्या स्वतःच्या मुलांसाठीही तेव्हा फार्म डी हीच एकमेव पदवी केली होती, त्यामुळे हा नियम आपल्यासाठी मुद्दाम केलेला नव्हता. पण फटका बसला.

२००८ साली भारतीय फार्मसी परिषदेने फार्म डी चे नियम आणले. बारावीनंतर सहा वर्षं. पाच वर्षं शिक्षण, सहावं वर्ष पूर्ण इंटर्नशिप, हॉस्पिटलात. कॉलेजला किमान तीनशे खाटांच्या हॉस्पिटलची जोड हवी. बी फार्म झालेल्यांसाठी तीन वर्षांची वेगळी वाटही ठेवली. आपल्याकडे पुण्यात भारती विद्यापीठाच्या पूना कॉलेज ऑफ फार्मसीची मुलं भारती हॉस्पिटलात जातात, ती याच रचनेत.

आता इथे दोन धागे एकत्र आले बघा. म्हैसूर-अ‍ॅडलेडचा धागा म्हणत होता की आपल्या पेशंटसाठी वॉर्डात फार्मसिस्ट हवा. अमेरिकेच्या नियमाचा धागा म्हणत होता की आपल्या मुलांना बाहेर जाता यायला हवं. पदवी एकच, पण कारणं दोन, आणि ती एकमेकांशी भांडतात. पहिल्या कारणासाठी पदवी काढली तर तिच्यासोबत हॉस्पिटलात पदंही निर्माण करायला हवीत. दुसऱ्या कारणासाठी काढली तर पदांची गरज नाही, पासपोर्ट पुरेसा आहे.

झालं काय? पदवी आली, पदं मागे राहिली. सरकारी औषधनिर्माण अधिकाऱ्याची जाहिरात निघते ती डी फार्म, बी फार्म डोळ्यांसमोर ठेवून. औषधाच्या दुकानाला तर डिप्लोमाच पुरतो. सहा वर्षं शिकलेला आणि दोन वर्षं शिकलेला, कायद्याच्या नजरेत त्याच काउंटरमागे उभे राहू शकतात. परिषदेने २०१५ साली फार्मसी प्रॅक्टिसचे नियम केले, २०२१ च्या दुरुस्तीत क्लिनिकल फार्मसिस्ट हे पद त्यात आलं. मोठी खासगी हॉस्पिटलं नेमतातही. पण तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन "क्लिनिकल फार्मसिस्ट कुठे बसतात?" असं विचारून बघा. तुम्हाला औषध वाटपाची खिडकी दाखवतील.

मावसबहिणीच्या वर्गातली बरीच मुलं शेवटी फार्माकोव्हिजिलन्सच्या कंपन्यांत जातात. पुणे, हैदराबाद, बंगळुरू. काचेच्या इमारतीत बसून परदेशातल्या पेशंटच्या तक्रारी सिस्टिममध्ये भरायच्या. पगार बरा असतो, काम महत्त्वाचं असतं, मी नावं ठेवत नाही. मी स्वतः परदेशी क्लायंटच्या तक्रारी सोडवूनच पोट भरतो. पण वॉर्डासाठी तयार केलेला माणूस वॉर्डात नाही, हे खटकतं. माझं मत विचाराल तर आपण अमेरिकेचा अभ्यासक्रम जसाच्या तसा क्लोन केला आणि आपल्या सर्व्हरवर तो चालवायला लागणारी बाकीची व्यवस्था उभीच केली नाही. म्हैसूरला चाललं कारण तिथे विद्यापीठाचं स्वतःचं हॉस्पिटल होतं, तेच वॉर्ड, तीच माणसं, आणि मधल्या काळात रुजलेली सवय.

मध्येच एक गोष्ट पटकन सांगतो. म्हैसूर आणि उटीच्या फार्म डी ला अमेरिकेच्या फार्मसी शिक्षण मूल्यमापन परिषदेचं, म्हणजे एसीपीई या संस्थेचं, आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालंय. अशी प्रमाणपत्रं माहितीपत्रकावर सोनेरी अक्षरात येतात, म्हणून नीट समजून घ्या. एसीपीई अमेरिकेतल्या कॉलेजांना जी मान्यता देते ती वेगळी आणि बाहेरच्या देशांना देते ते प्रमाणपत्र वेगळं. दोन्ही समान नाहीत हे ती संस्था स्वतःच सांगते. प्रमाणपत्राचा अर्थ एवढाच की बाहेरच्या जाणकारांनी येऊन अभ्यासक्रम तपासला आणि तो ठरलेल्या दर्जात बसला. हे चांगलंच आहे. पण ते पाहून कुणी "इथून थेट अमेरिकेत फार्मसिस्ट" असं सांगत असेल तर पात्रता परीक्षा, इंग्रजीची परीक्षा, लायसन्सची परीक्षा हे सगळं तुम्हालाच द्यायचंय.

बरं, आतापर्यंत जे बोललो त्यात आपण घेणारे होतो. ऑस्ट्रेलियाने शिकवलं, अमेरिकेने नियम दिला. सहकार्य म्हटलं तर दोन्ही बाजूंनी हवं ना? आता उलट दिशा बघू.

एक साधी दिशा म्हणजे जेएसएसने स्वतः मॉरिशसमध्ये कॅम्पस काढलाय, तिथे फार्मसी शिकवतात. मॉरिशसमध्ये कित्येक पिढ्यांपासून मराठी माणसं आहेत हे तुम्हाला माहीत असेलच, गणपती बसवतात वाजतगाजत. म्हणजे म्हैसूर जे अ‍ॅडलेडकडून शिकलं ते हिंदी महासागर ओलांडून पुढे चाललंय.

पण मला जास्त रस आहे दुसऱ्या दिशेत. डेटा.

थॅलिडोमाइड ऐकलंय? १९५० च्या दशकाच्या शेवटी गर्भवती बायकांना मळमळीसाठी दिलेलं औषध, ज्यामुळे जगभर हजारो बाळं हातापायांच्या व्यंगासह जन्मली. वेगवेगळ्या देशांतल्या डॉक्टरांना विचित्र केसेस दिसत होत्या, पण त्या एकत्र मांडायला जागा नव्हती. पुन्हा तेच, दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून न बघणं, फक्त या वेळी दोन देशांच्या. त्यानंतर १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांना घेऊन दुष्परिणामांची नोंद एकत्र करायला सुरुवात केली. १९७८ पासून हे काम स्वीडनमधल्या उपसाला शहरातलं केंद्र बघतं. आज त्यांच्या डेटाबेसमध्ये तीन कोटींहून जास्त नोंदी आहेत.

भारत त्यात सामील झाला १९९८ मध्ये. तेव्हा राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या एम्समध्ये होतं, आणि दोन विशेष केंद्रांपैकी एक होतं आपल्या मुंबईतलं केईएम. पण नोंदी येत नव्हत्या. का येतील? ओपीडीत दोनशे पेशंट रांगेत असताना डॉक्टर फॉर्म भरणार का? २०१० साली राष्ट्रीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम नव्याने सुरू झाला, पुढच्या वर्षी त्याचं मुख्यालय गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे गेलं, आणि देशभरच्या मेडिकल कॉलेजांत नोंदणी केंद्रं उघडली. तिथून नोंदी जायच्या त्या उपसालाच्याच केंद्राने बनवलेल्या सॉफ्टवेअरमधून.

आता विचार करा, असा फॉर्म नीट भरायला कोण लागतं? औषध कधी सुरू केलं, पुरळ कधी आली, औषध थांबवल्यावर ती गेली का, सोबत दुसरं काय चालू होतं. हे सगळं केसपेपरातून शांतपणे काढणारा माणूस. म्हणजे वॉर्डातला फार्मसिस्टच. ज्या हॉस्पिटलांत क्लिनिकल फार्मसी रुजली तिथे हे काम सहज अंगवळणी पडतं.

याने फरक काय पडतो? कार्बामाझेपिनचं उदाहरण सांगतो. फिट्ससाठी आणि चेहऱ्यात कळा मारणाऱ्या नसेच्या दुखण्यासाठी दिलं जाणारं जुनं, स्वस्त, उपयोगी औषध. क्वचित काहींना त्यातून अशी भयंकर प्रतिक्रिया येते की भाजल्यासारखी त्वचा सुटते, डोळे आणि तोंड सोलवटतं, जीवही जातो. २००४ साली तैवानच्या संशोधकांनी दाखवलं की हा धोका एका विशिष्ट जनुक-प्रकाराशी जोडलेला आहे. तो प्रकार युरोपीय वंशाच्या लोकांत जवळजवळ नसतो आणि आशियातल्या अनेक समूहांत असतो. २००७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आशियाई वंशाच्या पेशंटबद्दल इशारा छापला.

कळलं का इथे काय झालं ते? हे औषध पाश्चात्त्य देशांत कित्येक दशकं वापरलं गेलं होतं. पण तिथल्या लोकांत हा जनुक-प्रकारच दुर्मीळ, त्यामुळे हा दुवा तिथल्या डेटात ठळकपणे दिसणं अवघड होतं. टेस्टिंग एका डेटावर केलं, युजर मात्र सगळ्या जगाचे. म्हणून भारतातल्या, तैवानमधल्या, थायलंडमधल्या वॉर्डातून नोंद गेली पाहिजे. इथे आपण विद्यार्थी नसतो. आपल्याकडे जे दिसतं ते त्यांच्याकडे दिसतच नाही. म्हैसूरच्या, केईएमच्या, किंवा सोलापूरच्या एखाद्या वॉर्डातून गेलेली एक नीट भरलेली नोंद उपसालाला जाऊन दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या तशाच नोंदीशेजारी बसते, आणि मग कुठे तो पॅटर्न दिसायला लागतो.

आता त्या श्रोत्याच्या झेंड्यांकडे येऊ. मित्रा, नॅकचं मूल्यांकन होतं तेव्हा कॉलेजला किती करार 'प्रत्यक्ष चालू' आहेत असं विचारतात. म्हणजे न चालणारे करारही असतात हे त्यांनाही ठाऊक आहे! तू कॉलेज बघायला जाशील तेव्हा ऑफिसात विचारू नकोस, तिथे तुला परत तेच माहितीपत्रक देतील. चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये गाठ. विचार की तुम्ही रोज हॉस्पिटलात जाता का, की फक्त हजेरीपुरते? तुमच्या सूचनेवरून डॉक्टरांनी कधी डोस बदललाय का? बाहेरून आलेला पाहुणा किती दिवस राहिला, आणि गेल्यावर मागे काय ठेवून गेला? तुमच्या हॉस्पिटलातून दुष्परिणामांच्या नोंदी कोण पाठवतं? पोरं खरं सांगतात. आणि कॉलेजचं हॉस्पिटल किती लांब आहे ते स्वतः रिक्षाने जाऊन बघ. बारा किलोमीटरवर असेल तर तीनशे खाटांचा उपयोग कागदावरच.

फार्म डी करू की बी फार्म, हे मी सांगणार नाही. सहा वर्षं आणि फी हा घरचा निर्णय आहे. पण परदेशात जायचंय एवढ्यासाठीच करत असशील तर ज्या देशात जायचंय तिथल्या लायसन्स मंडळाचे आजचे नियम स्वतः वाच. २००३ चा किस्सा आत्ताच ऐकलास, नियम एका तारखेला बदलतात.

आणि ज्यांचा फार्मसीशी काही संबंध नाही, फक्त घरात कुणीतरी गोळ्या खातं, म्हणजे आपण सगळेच, त्यांच्यासाठी एक नंबर: १८००-१८०-३०२४. टोल फ्री आहे, कामाच्या दिवशी ऑफिसच्या वेळेत चालतो. नवीन औषध सुरू केल्यावर अंगावर पुरळ, सूज, चक्कर असं काही झालं तर पहिल्यांदा डॉक्टरांकडे धावायचं, हे वेगळं सांगायला नको. तब्येत सावरली की या नंबरवर सांगायचं. पेशंट स्वतः किंवा घरचे सांगू शकतात, डॉक्टरच हवा असं नाही. फोन करताना औषधाची पट्टी हातात ठेवा, त्यावरचं नाव, बॅच नंबर आणि कंपनी विचारतात. आणि कृपा करून पट्टी कापताना मेडिकलवाल्याला सांगा, बॅच नंबरची बाजू आम्हाला द्या.